तांब्याची तार आणि नदीचे देणे

जपानच्या औद्योगिक उत्कर्षाचा विचार करताना फुरुकावा इलेक्ट्रिक या केबल कंपनीचे उदाहरण उद्बोधक ठरते. फुरुकावा इचिबेई यांनी १८७७ मध्ये आशिओची तांब्याची खाण घेतली आणि १८८४ मध्ये टोकियोत तांबे शुद्ध करण्याचा कारखाना काढला. तारायंत्र, टेलिफोन व विजेचे दिवे यांना तांब्याची तार हवीच होती. खाणीपासून तारेपर्यंतची साखळी एकाच घराण्याच्या हाती आल्याने कच्च्या मालाची भ्रांत उरली नाही. १९२० मध्ये कंपनीला आजचे नाव मिळाले. १९२३ मध्ये सीमेन्सच्या भागीदारीत फुजी इलेक्ट्रिक उभी राहिली आणि तिच्यातून १९३५ मध्ये आजची फुजित्सू जन्मली.

या जमाखर्चाची दुसरी बाजू मात्र वातारासे नदीच्या काठी लिहिली गेली. खाणीच्या विषारी गाळाने मासे मेले, भातशेती नासली. भट्ट्यांच्या धुराने डोंगर बोडके झाले. लोकप्रतिनिधी तानाका शोझो यांनी १८९१ पासून संसदेत हा प्रश्न लावून धरला. अखेर १९०१ मध्ये ते गाऱ्हाण्याचा अर्ज घेऊन सम्राटांच्या गाडीकडे धावले, परंतु पहाऱ्याने त्यांना अडविले. खाण १९७३ मध्ये बंद झाली. त्याच घराण्याच्या खाण-कंपनीने शेतकऱ्यांना १५५ कोटी येन भरपाई देण्याचे मान्य केले, ते १९७४ मध्ये!

अर्थशास्त्र अशा खर्चाला ‘बाह्य’ म्हणते. शेतकऱ्याच्या घरी तो घरचाच खर्च असतो. तार स्वस्त पडली, कारण तिच्या किमतीत नदी धरलेली नव्हती. उद्योगवाढीचे आकडे वाचताना हा रकाना कोणी भरला, हे विचारलेच पाहिजे.