कात्री कुणाची, हात कुणाचा?

श्रोतेहो, पावसाळ्यात गोदाकाठच्या डबक्यांत बेडूकमासे आपण सगळ्यांनी पाहिलेत. पुढे त्यांची शेपटी जाते कुठे? तुटून पडत नाही, शरीरातच विरघळते. ती विरघळवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, १९६२ साली अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी दाखवून दिलं. कोलॅजेन हा आपल्या ऊतींना बांधून ठेवणारा दोर. हे विकर तो कापतं.

आता ऑस्टिओसार्कोमा घेऊ. हाडाचा कर्करोग, तसा दुर्मीळ, पण बरेचदा वाढत्या वयातल्या मुलांना गाठणारा. नाशिकहून परळच्या टाटा रुग्णालयात जाणारे आईबाप विचारतात, ‘गुडघ्यातली गाठ फुप्फुसात गेलीच कशी?’ रक्तवाहिनीत शिरायचं तर पेशीला भोवतालचं जाळं कापावं लागतं. कात्री त्या शेपटीतल्या विकराच्याच कुळातली. आणि ती कधीकधी गाठीशेजारच्या निरोगी पेशीच पुरवतात!

मग कात्रीच बोथट करावी? १९९०च्या दशकात इतर कर्करोगांवर तशी औषधं वापरून पाहिली. बऱ्याच रुग्णांचे सांधे दुखू लागले. आयुष्य बहुतेक चाचण्यांत वाढलं नाही. जखम भरणं, हाड घडणं ही कामंही याच कुळाची ना! आम्ही तत्त्वज्ञानवाले कर्ता आणि करण वेगळे मानतो: लाकूडतोड्या कर्ता, कुऱ्हाड करण. विकर हे करण. म्हणून आता शोध आहे तो नेमकं कुठलं विकर, कुठल्या टप्प्यावर, याचा.

आणि हो, पपईबद्दल कुणीतरी विचारलं होतं. पपईतलं विकर वेगळं, हाडातल्या गाठीशी त्याचा संबंध नाही.