ब्रिटनमधील दरडोई कर आणि न्याय्यतेची लोककल्पना

ब्रिटिश माणसाच्या तोंडी ‘फेअर’ हा शब्द फार येतो. मराठीत तो ‘न्याय्य’ असा आणावा लागतो. पण न्यायालयातील न्यायापेक्षा खेळातील सचोटीशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. हा शब्द कररचनेस लावला असता लोक नेमके काय मोजतात, हे समजून घेण्यास त्या देशातील दरडोई कराच्या प्रकरणाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

या करापूर्वी तेथील स्थानिक संस्था ‘रेट्स’ नावाची पट्टी घेत. तिचे मूळ 1601 च्या, एलिझाबेथ राणीच्या काळातील, दरिद्री-साहाय्याच्या कायद्यात आहे. घर भाड्याने दिल्यास वर्षास किती भाडे येईल ते ठरवून त्या आकड्यावर पट्टी बसवीत. मुंबईकरांस ही पद्धत अपरिचित नाही. 2010 मध्ये भांडवली मूल्याची पद्धत येईपर्यंत त्या शहरातील मालमत्ता करही याच धर्तीवर आकारला जात असे. या पद्धतीत एक उघड दोष होता. मोठ्या घरात एकटीच राहणारी वृद्ध विधवा आणि शेजारच्या तशाच घरातील चार मिळवते लोक मिळून, दोघांवरही पट्टी सारखीच. शिवाय ज्यांच्या नावे पट्टी येत नसे असे असंख्य मतदार नगरपालिकेच्या खर्चास मत देत आणि त्याची झळ मात्र दुसऱ्यांस लागे, असे हुजूर पक्षाचे म्हणणे होते. हे म्हणणे अगदीच पोकळ होते असे नाही. 1985 मध्ये स्कॉटलंडात घरांचे फेरमूल्यांकन होऊन अनेकांच्या पट्ट्या भडकल्या, तेव्हा त्यास धार आली.

मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने काढलेला उपाय दिसण्यात अत्यंत सरळ होता. घर बाजूला ठेवून माणसे मोजावयाची. एका स्थानिक संस्थेच्या हद्दीतील प्रत्येक प्रौढाने सारखीच रक्कम द्यावयाची. सरकारी नाव ‘कम्युनिटी चार्ज’ असे होते. लोकांनी मात्र 1381 च्या शेतकरी बंडास निमित्त झालेल्या कराचे ‘पोल टॅक्स’ हेच नाव त्यास चिकटविले. हा कर स्कॉटलंडात 1989 च्या एप्रिलमध्ये, तर इंग्लंड व वेल्समध्ये 1990 च्या एप्रिलमध्ये सुरू झाला. रस्ता, दिवाबत्ती, ग्रंथालय यांचा लाभ सर्वांस सारखा, तर किंमतही सारखी का नसावी, हा त्यामागील विचार. ड्यूकने कचरा नेणाऱ्या कामगाराहून अधिक का द्यावे, अशा अर्थाचा प्रश्न मंत्री निकोलस रिडली यांनी केला होता. तो समर्थनार्थ केला होता. विरोधकांस त्याहून सोयीचे वाक्य स्वतःस सुचले नसते.

कारण त्या प्रश्नाने तुलना डोळ्यांसमोर उभी केली. समाजशास्त्रज्ञ रन्सिमन यांनी 1966 च्या आपल्या ग्रंथात दाखविले होते की, ब्रिटिश कामगार स्वतःची तुलना बहुधा आपल्याच आसपासच्या लोकांशी करतो. दूरच्या धनिकाशी करीत नाही, आणि त्यामुळे मोठी विषमताही त्यास तितकीशी बोचत नाही. दरडोई कराने हे अंतर पुसून टाकले. वाड्यातील धनिकाच्या आणि दोन खोल्यांतील कुटुंबातील प्रत्येक प्रौढाच्या हाती एकाच आकड्याचे बिल पडले. मिळवत्या मुलांसह राहणाऱ्या गरीब दांपत्यास तर तशी तीन-चार बिले आली. अत्यंत निर्धनांसही साधारणपणे पाचवा हिस्सा भरणे प्राप्त होते. सरकारने सरासरी 278 पौंडांचा हिशेब सांगितला होता. प्रत्यक्षात इंग्लंडात ती 350 च्या पुढे गेली.

पुढचा इतिहास प्रसिद्ध आहे. लक्षावधी लोकांनी कर भरला नाही. 31 मार्च 1990 रोजी लंडनच्या ट्रफाल्गार चौकात दंगल झाली. नोव्हेंबरमध्ये थॅचर पायउतार झाल्या, त्यास हा कर हे एक मोठे कारण होते. स्कॉटलंडातील जुन्या थकबाकीची वसुली तर 2015 मध्ये कायदा करून थांबवावी लागली.

आमच्या मते खरा विचार करण्याजोगा भाग यानंतरचा आहे. 1991 च्या अंदाजपत्रकात सरकारने प्रत्येकाचे बिल 140 पौंडांनी उतरविले आणि त्याची भरपाई मूल्यवर्धित कर 15 टक्क्यांवरून साडेसतरा टक्क्यांवर नेऊन केली. बहुतेक अन्नपदार्थ त्यातून वगळलेले असले, तरी हा करही गरीब-श्रीमंत न पाहता खरेदीवर पडतो. त्यासाठी ट्रफाल्गार चौकात कोणी जमले नाही. वस्तूच्या किमतीत मिसळलेल्या कराचे बिल नावानिशी घरी येत नाही.

1993 मध्ये आलेल्या ‘कौन्सिल टॅक्स’चीही तीच गत आहे. त्यात घरांचे किमतीनुसार आठ गट केले आहेत. इंग्लंडात सर्वांत खालचा गट 40,000 पौंडांपर्यंतचा, सर्वांत वरचा 3,20,000 पौंडांवरचा. म्हणजे किंमत निदान आठपट. पण वरच्या गटाचा कर खालच्याच्या फक्त तिप्पट. एकट्या राहणाऱ्या प्रौढास मिळणारी 25 टक्के सूट हा तर माणसे मोजण्याच्या जुन्या तत्त्वाचाच उरलेला अवशेष होय. इंग्लंडात ही मूल्ये आजही 1 एप्रिल 1991 चीच आहेत. दरम्यान लंडनमधील घरांच्या किमती इतरत्रांच्या तुलनेने कितीतरी पुढे गेल्या.

गरिबांविषयीचे लोकमतही या काळात पालटले. ब्रिटिश समाजमताच्या वार्षिक पाहणीत गरिबांच्या साहाय्यावर अधिक खर्च व्हावा असे म्हणणारे 1989 मध्ये निम्म्याहून पुष्कळ अधिक होते. 2009 मध्ये ते एकतृतीयांशही उरले नव्हते. पुढे हे प्रमाण पुन्हा काहीसे वाढले. 2013 मध्ये इंग्लंडात या करातील राष्ट्रीय सवलत रद्द होऊन ती अपुऱ्या निधीसह स्थानिक संस्थांकडे सोपविण्यात आली. निवृत्तांस संरक्षण राहिले. कामाच्या वयाच्या निर्धनांवर मात्र अनेक ठिकाणी कराचा काही हिस्सा पुन्हा येऊन पडला. हा हिस्सा काही ठिकाणी 1990 मधील पाचव्या हिश्शाएवढाच आहे. पण तो गावोगाव वेगळा, आणि त्याच्या शेजारी ठेवून पाहावयास ड्यूकचे बिल नाही.

नोव्हेंबर 2025 च्या अंदाजपत्रकात इंग्लंडमधील 20 लक्ष पौंडांहून अधिक किमतीच्या घरांवर 2028 पासून अधिभार बसविण्याची घोषणा झाली. त्यासाठी वरच्या गटांतील घरांचे नवे मूल्यांकन करावयाचे असून, बाकीच्या घरांची 1991 ची मूल्ये तशीच ठेवली आहेत.