सामासिक शब्दाचा सांधा

घिवलीहून पालघरास निघालेला मनुष्य त्या गांवाचें नांव 'पाल्-घर' असें दोन खंडांत उच्चारतो. 'पा-लघर' कोणी म्हणत नाहीं. लेखांत न दिसणारा सांधा जिभेस ठाऊक असतो. मीठ व आगर हीं पदें एकत्र येतांच 'मिठागर' होतें, आणि दीर्घ ईकार ऱ्हस्व होतो.

ही रीत केवळ आपली नव्हे. नॉर्वेच्या भाषेंतही सामासिक शब्द जोडून लिहितात व मुख्य आघात बहुधा पहिल्या पदावर देतात. तेथें 'रॉइकफ्रित' म्हणजे धूम्रपानास मनाई असलेलें. तेंच तोडून लिहिलें, तर 'खुशाल धूम्रपान करा' असा उलटा अर्थ निघतो! आपल्याकडेही 'पोटभर' जेवणें निराळें, 'पोट भर' ही आज्ञा निराळी.

वैदिक भाषेंत हा भेद स्वरावर होता. 'इंद्रशत्रु' हें पद अन्तोदात्त असेल तर इंद्राला मारणारा, आद्युदात्त असेल तर इंद्र ज्याला मारणारा तो. पतंजलींनी महाभाष्यांत उल्लेखिलेल्या कथेंत स्वर चुकला आणि वृत्रच मारला गेला. यास्तव घरांतील वडील मंडळींनीं मुलांकडून असे शब्द एका दमांत वाचवून व जोडून लिहवून घ्यावे, असें आम्हांस वाटतें.