जावक नोंदवही

मागोवा हा शब्द मुळात पावलांचा आहे. ओल्या मातीत उमटलेला माग धरून निघून गेलेल्याच्या पाठोपाठ जाणे हा त्याचा पहिला अर्थ. आणि वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, जगबुडी नदीच्या पुराचा गाळ घरातून उपसून झाल्यावर, काखेत एक जुनी नोंदवही घेऊन मी माझ्याच चित्रांच्या शोधार्थ रत्नागिरी जिल्ह्यातील खेडच्या आळीआळीतून आणि पंचक्रोशीतील वाडीवाडीतून जो हिंडलो, तो या अर्थाने खराखुरा मागोवाच होता. त्या हिंडण्यात जे दृष्टीस पडले आणि त्यावरून माझ्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या छंदाचा जो अर्थ मला लागला, तो येथे क्रमाने मांडीत आहे.

१९७३ साली मी तालुका कचेरीत कारकून म्हणून रुजू झालो आणि २००८ साली अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालो. या पस्तीस वर्षांत माझ्या मेजासमोर जी माणसे उभी राहिली ती, दफ्तराच्या भाषेत, खातेदार, अर्जदार, वारसदार किंवा ‘सदर इसम’ होती. सातबाऱ्याचा उतारा, वारसाचा फेरफार, एखादा दाखला, एवढ्यापुरताच त्यांचा माझा संबंध. परंतु नक्कल तयार होईपर्यंत व्हरांड्यातील बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसलेल्या, डोंगरातल्या वाडीहून पहाटे निघून आलेल्या त्या माणसाच्या मुद्रेवर जो धीर दिसे, तो कोणत्याही रकान्यात लिहिता येण्यासारखा नव्हता. जे लिहिता येत नाही ते रेखाटून तरी पाहावे, या ओढीने मी संध्याकाळी घरी आल्यावर ते चेहरे आठवून काढू लागलो. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन रेखाकला परीक्षा दिल्या होत्या. त्यापुढचे शिक्षण घेण्यासाठी मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय १८५७ पासून उभे होते, पण तेथवर नेणारी वाट आमच्या घरच्या परिस्थितीतून जात नव्हती. त्याचा खेद मी पुष्कळ वर्षे बाळगला; आज तो उरलेला नाही.

कचेरीतील आवक-जावकाची सवय हाडीमांसी खिळलेली असल्यामुळे, पहिले चित्र मी एका मित्राच्या हाती ठेवले त्याच दिवशी एक नोंदवही घातली. अनुक्रमांक, तारीख, चित्र कोणाचे, कोणास दिले आणि शेरा, असे तिचे पाच रकाने. दर रविवारी सकाळी आमच्या घराच्या पडवीत, जांभ्याच्या भिंतीला टेकवून, आठवड्यात काढलेली चित्रे मांडायची आणि मित्रांनी ती पाहायची, हा परिपाठ अनेक वर्षे चालला. येणारी मंडळी कलेतील जाणकार म्हणवणारी नव्हती: एक शिंपी, दवाखान्यातील एक कंपाउंडर, एक प्राथमिक शिक्षक, एस्टीतील एक वाहक, आणि कुवेतला नोकरीस असून दोन वर्षांतून एकदा रजेवर येणारा माझा एक मुसलमान शाळासोबती. तरीही माझे खरे शिक्षण त्यांनीच केले. “त्यांचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे; वीस वर्षे सदरे शिवतोय मी त्यांचे,” असे शिंपी म्हणे, आणि पाहावे तर ते तंतोतंत खरे निघे. कंपाउंडरला चेहऱ्यावरचा पिवळेपणा माझ्याआधी दिसे. वाहकाला उभ्या माणसाचा तोल कळे. शिक्षकांनी एकदा एका चित्रासमोर बराच वेळ स्तब्ध उभे राहून सांगितले की डोळे त्या गृहस्थांचे आहेत, पण हनुवटी तुमची आहे. आणि स्वतःची हनुवटी दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून काढून टाकण्यास मला पुढे कित्येक वर्षे लागली.

व्यक्तिचित्र काढावयाचे म्हणजे माणूस समोर बसवावा लागतो, आणि आमच्या भागात माणूस बसवणे हे रंगांहूनही दुर्मीळ. लावणी, नांगरणी, सरपण आणि मुंबईची चाकरी यांतून फुरसत सापडे ती मुसळधार पावसात. आणि नेमक्या त्याच दिवसांत जलरंगाचा एक थर वाळायला दीड दिवस लागे. कागद चुलीवरच्या माळ्यावर सरपणाशेजारी ठेवून वाळवावा, तर त्यावर धुराची झाक चढे. न वाळवावा, तर आठवड्यात बुरशीचे ठिपके उमटत. पण या अडचणीतून एक लाभ झाला. थर वाळेपर्यंत समोरचा माणूस बोलत राही, आणि पागोळ्यांच्या आवाजात तो जे बोले ते पुढच्या थरात आपोआप उतरे. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचे, हाती दीप घेतलेल्या स्त्रीचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी त्यांनी आपल्या कन्येलाच समोर उभे केले होते, हे जेव्हा माझ्या वाचनात आले, तेव्हा त्या चेहऱ्यावरील प्रकाशाची मला निराळीच उपपत्ती लागली. ज्याला आपण जवळून ओळखतो त्याच्या चेहऱ्याला हात घालताना कुंचला धीमा होतो.

१९८६ सालच्या एका नोंदीपाशी माझ्या छंदाचे वळण बदलले. वाहक मित्राची आई निवर्तली आणि घरात तिचे एकही छायाचित्र निघाले नाही. “तू आईला पाहिलेयस, काढून दे,” एवढेच तो म्हणाला. मी तीन चेहरे काढले. पडवीतील मंडळींनी नाक, कपाळ, कुंकवाचा आकार यांविषयी आपापल्या आठवणी सांगितल्या, आणि प्रत्येकाच्या आठवणीतील बाई निराळी निघाली. चौथे चित्र सर्वांना पटले, पण मुलगा गप्प राहिला, आणि पुष्कळ वेळाने म्हणाला, “सगळे आईसारखेच आहे रे, पण आई अशी नुसती बसलेली मी कधी बघितलीच नाही.”

सादृश्य साधले की चित्र साधले, ही माझी बारा-तेरा वर्षांची समजूत त्या एका वाक्याने ढासळली. आपल्याकडील चित्रविद्येने सांगितलेली षडंगे, म्हणजे रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग, मला नावांनिशी पाठ होती. परंतु कामसूत्रावरील टीकेत यशोधराने ही सहा अंगे सांगताना भावाला सादृश्याच्या आधी का बसवले असेल, असा प्रश्न मला तोवर पडला नव्हता. मी पाचवे चित्र काढले. त्यात ती माउली चुलीपुढे पाठमोरी ओणवी होऊन फुंकणी फुंकीत आहे. चेहरा दिसत नाही, दिसते ती विस्तवाचा उजेड लागलेली कानाची कड आणि पाठीवर ताणलेले विटके लुगडे. मुलाने ते पाहिले, आणि काही न बोलता गुंडाळून नेले. नोंदवहीतील त्या ओळीच्या शेऱ्यात मी ‘पोहोचले’ हा एकच शब्द लिहिला आहे. तोवर मी हा शब्द केवळ टपालासाठी वापरीत असे.

त्यानंतर सादृश्याच्या चित्रांबरोबरच मनात दाटलेले काढण्याचे धाडस होऊ लागले. शिमग्यात भरणे गावच्या काळकाईदेवीची पालखी नाचत असता गर्दीबाहेर उभी असलेली, जिचा मुलगा मुंबईहून आला नाही अशी म्हातारी. रसाळगडाच्या तटावरून दिसणारी, कोणी न कसलेली दळ्यांची जमीन. कुवेतला जाण्याच्या आदल्या रात्री बांधलेल्या ट्रंकेवर बसलेला माझा मित्र. लेखनातील खोडाखोडीतून आकार शोधीत रवींद्रनाथ टागोर उतारवयात चित्रांकडे वळले, आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले तेव्हा ते सत्तरीला टेकले होते, या वृत्तान्ताने मला मोठे बळ दिले. मात्र याच काळात माझ्या मनात एक लोभही शिरला. जे चित्र विशेष साधले असे वाटे, ते मी देईनासा झालो; कधीतरी रत्नागिरीस किंवा मुंबईस प्रदर्शन मांडू, या विचाराने अशी चित्रे लोखंडी ट्रंकेत जमू लागली. नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘राखीव’ असा शेरा आहे.

२६ जुलै २००५ च्या महापुरात मी नोकरीत होतो आणि पाणी ओसरल्यावर पंचनाम्यांसाठी घरोघर फिरत होतो. भांडी, धान्य, जनावरे, भिंती यांची नोंद करताना एका घरी ओल्या चिखलात माझेच एक चित्र पडलेले दिसले. घरधन्याने त्याचा उल्लेख केला नाही, मीही केला नाही. परंतु संध्याकाळी नोंदवहीत त्या क्रमांकापुढे लाल शाईची रेघ ओढताना हात जड झाला. पुढे २२ जुलै २०२१ रोजी, सात मीटरची धोक्याची पातळी जगबुडीने ओलांडली आणि पाणी आमच्या माजघरात शिरले, तेव्हा ती ट्रंक बुडाली. नोंदवही वर देवघराच्या फळीवर होती, ती राहिली. त्याच पुराने चिपळूणच्या १८६४ सालापासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिरातील असंख्य ग्रंथ भिजवून टाकले, हे आठवून मी माझ्या दुःखाला त्याची मर्यादा घालून दिली. तरीही ट्रंक उघडली तेव्हा एकमेकांना चिकटलेल्या कागदांतून रंगीत पाणी ओघळत होते, आणि पाण्यात कालवून काढलेले पाण्याकडेच परत चालले होते.

मग मी नोंदवही घेऊन निघालो. दिलेल्यांपैकी सर्व चित्रे वाचली असे नाही. बाजारपेठेतील घरांतली बहुतेक नष्ट झाली, काही वाळवीने खाल्ली, काहींचा पत्ता लागला नाही. पण जी सापडली त्यांनी मला चकित केले. शिंप्याच्या वडिलांचे चित्र देवाऱ्याशेजारी होते. काचेवर गंध-फुले वाहून तीस वर्षे झाली होती, आणि सुनेने मला सांगितले की घरातल्या मुलांनी आजोबा पाहिले ते यातच. मित्राच्या पाठमोऱ्या आईचे चित्र तिच्या नातवाने लालबागच्या खोलीत नेऊन लावले आहे. कुवेतच्या मित्राचे चित्र त्याच्या मागे त्याच्या आईने कपाटात कापडात जपून ठेवले होते. आता ती नाही, तोही नाही, आणि ते चित्र त्याची मुलगी दाखवते. दोघांनी आपल्याकडील चित्रे मला परत देऊ केली. मी ती घेतली नाहीत. फक्त बसून पाहिली, आणि प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक व तारीख लिहिली.

चित्रपट-अभिनेते चंद्रकांत मांडरे यांनी आयुष्यभर हौसेने काढलेली आपली निसर्गचित्रे आणि कोल्हापूरचे राहते घर शासनाच्या स्वाधीन केले, आणि आज राजारामपुरीत त्यांचे संग्रहालय उभे आहे. माझ्यासारख्याला असे संग्रहालय नाही. पण पंचवीस-तीस घरांच्या भिंतींवर ते पसरलेले आहे, हे मला त्या भ्रमंतीत उमजले. राखून ठेवलेली चित्रे माझी होती, म्हणून ती माझ्याबरोबरच संपण्याजोगी होती; दिलेली चित्रे ज्यांची होती, त्यांनी ती सांभाळली. हौशी चित्रकाराचे चित्र पुरे होते ते सही केल्यावर नव्हे, दुसऱ्याच्या हाती गेल्यावर, असा अठ्ठेचाळीस वर्षांअंती माझा निर्णय आहे.

म्हणून जे हौसेने चित्रे काढतात त्यांना विनंती, की उत्तम साधलेले चित्र आधी द्या. ज्यांच्या घरी असे एखादे चित्र आहे त्यांनी ते जांभ्याच्या भिंतीपासून दोन बोटे अंतर सोडून टांगावे, पावसाळ्याआधी एकदा उन्हात ठेवून पाहावे, आणि मागे माणसाचे नाव व साल लिहून ठेवावे. पुरानंतर मी नवी नोंदवही घातली आहे. तिच्यात ‘राखीव’ हा शेरा नाही.