खानदेशचा उन्हाळा आणि मोबाइलची बॅटरी

वैशाखात जळगाव-धुळ्याकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि अशा वेळी केळीच्या बागेच्या बांधावर उन्हात राहिलेला मोबाइल हाताला चटका देऊ लागतो, तेव्हा त्याच्या लिथियम-आयन बॅटरीतील द्रावणाचे विघटन त्वरेने होऊन ऋणाग्रावरील थर जाड होत जातो व त्यात अडकलेले लिथियम कायमचे निकामी होते. ही हानी भरून येत नसल्याने फोन सावलीत ठेवावा, चार्जिंग पहाटेच्या गारव्यात उरकावे आणि बॅटरी तासन्‌तास १०० टक्क्यांवर न ठेवता शक्यतो २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. बॅटरीच्या रोजच्या खर्चाची तजवीज निराळी: पडद्याचा उजेड बेताचा असावा, आणि शिवारात सिग्नल क्षीण असता मनोऱ्याशी संपर्क राखण्यात फोन अधिक शक्ती खर्ची घालतो, म्हणून काम नसताना एअरप्लेन मोड अवश्य लावावा.