चेटकीण आणि जाणती

१८७९ सालच्या फेब्रुवारी महिन्यात रशियाच्या नोव्हगोरोद प्रांतातील तिख्विन तालुक्यात, व्राचेवो नावाच्या खेड्यात, आग्राफेना इग्नात्येवा ही सुमारे पन्नास वर्षांची विधवा तिच्याच झोपडीत जिवंत जाळण्यात आली. तिचा नवरा सैन्यात शिपाई होता. गावकऱ्यांनी खिडक्यांना फळ्या ठोकल्या, दार बंद केले आणि झोपडीला आग लावली. भोवती मोठा जमाव उभा होता. गावातील काही स्त्रियांना झटके येत असत आणि त्या झटक्यांत त्या आग्राफेनाचे नाव घेत असत. गावाच्या दृष्टीने एवढा पुरावा पुरेसा होता. पुढे १७ जणांवर खटला चालला. त्यांपैकी १४ जण निर्दोष सुटले. ज्या तिघांनी गुन्हा कबूल केला त्यांच्या वाट्याला आले ते केवळ धर्मसंस्थेने सांगितलेले प्रायश्चित्त.

अशा घटनेचा उल्लेख झाला की सुशिक्षित माणूस 'अज्ञान' हा एकच शब्द उच्चारतो आणि विषय संपवतो. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. केवळ अक्षरओळखीने हा प्रश्न सुटत असता, तर १९८९ साली, जवळजवळ सर्व प्रौढ जनता साक्षर असलेल्या सोव्हिएत संघात, आलान चुमाक नावाचा एक गृहस्थ दूरचित्रवाणीवर नुसते हातवारे करून पाण्यात 'शक्ती' भरतो आहे आणि लक्षावधी कुटुंबे पडद्यासमोर पाण्याच्या बरण्या मांडून बसली आहेत, हे दृश्य जगाला दिसले नसते. तेव्हा अज्ञानाच्या पलीकडे जाऊन या समजुती शेतकऱ्याच्या जीवनात कोणते काम करीत होत्या, हे पाहणे भाग आहे.

प्रथम शब्दांचाच विचार करू. रशियन भाषेत चेटकिणीला 'वेद्मा' म्हणतात. पोलिश व युक्रेनी भाषांतील शब्दही याच कुळातले आहेत. हा शब्द आणि आपला 'वेद' हे एकाच मूळ धातूपासून निघालेले आहेत. वेद्मा म्हणजे जिला काही 'विदित' आहे ती. गावठी उपचार करणाऱ्याला रशियन खेड्यात 'ज्नाखार' व स्त्री असल्यास 'ज्नाखार्का' म्हणत. त्या शब्दाचे नाते संस्कृत 'ज्ञा' धातूशी आहे. आपल्याकडे मंत्रतंत्र येणाऱ्याला 'जाणता' म्हणतात, त्याच्या अगदी जवळचा हा शब्द. गंमत अशी की रशियन भाषेत 'व्राच' म्हणजे पदवीधर डॉक्टर, आणि तोच शब्द सर्बियात गेला की त्याचा अर्थ मांत्रिक असा होतो. शब्दांच्या या गोतावळ्यातच या विषयाचे मर्म दडलेले आहे. बरे करणारी आणि वाईट करणारी, दोघींचेही भांडवल एकच. ते म्हणजे इतरांना नसलेले ज्ञान. जिला रोग काढता येतो, तिला तो घालताही येत असला पाहिजे, हा तर्क खेड्यातील कोणाही माणसाला सहज पटणारा होता.

या ज्ञानाची भीती कोणत्या गोष्टींभोवती एकवटली होती ते पाहिले म्हणजे त्यातील अर्थकारण उघड होते. युक्रेन, बेलारूस आणि पूर्व पोलंड येथील चेटकीण मुख्यतः काय करीत असे? ती शेजाऱ्याच्या गाईचे दूध चोरीत असे. वसंतात गुरे प्रथम चरायला सोडण्याचा सेंट जॉर्जचा दिवस आणि उन्हाळ्यातील इवान कुपालाची रात्र हे तिचे हंगाम. पहाटे ती कुरणातील दव फडक्याने टिपून घेते आणि घरी जाऊन ते फडके पिळते. मग दूध तिच्या गाईला येते आणि शेजाऱ्याची गाय आटते, अशी समजूत. ज्या घरात एकच गाय आहे आणि लहान मुलांचे पोषण तिच्यावर अवलंबून आहे, त्या घरात गाय आटणे ही केवढी आपत्ती, हे वेगळे सांगायला नको. शेतातील समजूतही याच जातीची. राय नावाच्या धान्याच्या उभ्या पिकात काही ताटे पिळून गाठ मारलेली आढळली की तिला 'झालोम' म्हणत. ती गाठ कापणारा आजारी पडतो किंवा मरतो, म्हणून जाणत्याला बोलावून ती काढून घेईपर्यंत तेथे कोणी विळा लावत नसे. गुरांची साथ आली की स्त्रिया रात्री अंगावर नुसता सदरा ठेवून, नांगर स्वतः ओढत गावाभोवती तास काढीत. त्या वाटेवर जो कोणी आडवा येईल तो साथीचाच अवतार समजून त्याला बडवीत.

गावातील जमीन, कुरण आणि चारा ठराविक. त्यात एकाचे वाढले म्हणजे दुसऱ्याचे घटलेच पाहिजे, असा हिशेब मनात पक्का बसलेला. तेव्हा ज्याचे घटले तो आपले कोठे गेले याचा शोध घेऊ लागतो, आणि तो शोध बहुधा कुंपणापलीकडच्या घरापाशी संपतो. विम्याची सोय नसलेल्या समाजातील नुकसानीची ही खतावणीच होती. तिच्यात 'नशीब' या नावाचे खाते नव्हते, प्रत्येक नावे रकमेसमोर कोणाचे तरी नाव लागत असे. ज्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नाही, त्यांचे नाव लागणे सोपे. शिपायाच्या विधवेला गावच्या जमिनीत बहुधा वाटा नसे. आग्राफेना भिक्षेवर राहत होती, आणि तिच्या धास्तीने बायका तिला खाणे देत, तिची कामे करून देत. जी भीती तिला जगवीत होती, तीच अखेर तिच्या मुळावर आली.

आता जाणतीकडे वळू. तिच्याविषयी आपल्याला जी माहिती मिळते, तिचे श्रेय मोठ्या प्रमाणात खेड्यातील शिक्षक, कारकून आणि पाद्री यांना आहे. प्रिन्स तेनिशेव्ह या धनिकाने १८९०च्या दशकाच्या अखेरीस एक मोठी प्रश्नावली तयार करून ती मध्य रशियातील अशा मंडळींकडे पाठविली. त्यांनी लिहून धाडलेल्या उत्तरांच्या आधारे डॉ. गाव्रीइल पोपोव्ह यांनी रशियन लोकवैद्यकावर १९०३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून दिसणारे चित्र एकरंगी नाही. जाणती वाफेचे स्नान देई, जखमेवर पाने बांधी, खरजेवर भूर्जाचे डांबर लावी. यांपैकी बरेच उपाय निरुपद्रवी आणि काही खरोखर उपयुक्त होते. हाडवैद्य आणि सुईण हेही याच वर्तुळातले. त्याच ग्रंथात फिरंगरोगावर पाऱ्याच्या संयुगाची धुरी देण्याचे प्रकारही आढळतात, आणि त्या धुरीने रोगी रोगाआधीच विषबाधेने मरण्याचा संभव असे. बहुतेक उपचारांबरोबर पुटपुटलेला मंत्र असेच; त्यात ख्रिस्त, मेरी आणि संत यांची नावे असत, त्यामुळे आपण धर्मबाह्य काही करीत आहोत असे ना जाणतीला वाटे ना रोग्याला.

तिचा मोबदला म्हणजे अंडी, पाव, कापडाचा तुकडा. याउलट १८६४ साली स्थापन झालेल्या झेम्स्त्वो या स्थानिक स्वराज्य संस्थांचे दवाखाने पुढे पुढे अनेक ठिकाणी मोफत उपचार करू लागले. तरीही शेतकरी जाणतीकडेच जात राहिला. अर्थशास्त्राच्या प्राथमिक नियमाला धक्का देणारी ही गोष्ट आहे. फुकट मिळणारी सेवा सोडून माणूस विकतची का घेतो? एक कारण अंतराचे. कापणीच्या दिवसांत घोडा आणि माणूस दोन दिवस गुंतवून दवाखाना गाठायचा, तर ते उपचार फुकट राहत नाहीत. पण ते अर्धेच कारण झाले. डॉक्टर रोगाचे नाव सांगे आणि औषध देई. रोग्याला विचारायचे असे ते निराळेच: मलाच का? आताच का? आणि कोणामुळे? या प्रश्नांना डॉक्टरकडे उत्तर नव्हते, जाणत्याकडे होते.

आणि नेमके येथेच लोकवैद्यकाचे गोडवे गाणाऱ्यांचे भान सुटते. पूर्वजांचे निसर्गज्ञान, वनौषधींचा ठेवा वगैरे भाषेत त्याचे वर्णन करणारे लोक त्याची दुसरी बाजू पाहत नाहीत. 'करणी झाली आहे' असे निदान केले की कर्ता सांगावाच लागतो. बाल्टिक समुद्राच्या काठी हेल द्वीपकल्पावरील खाउपी या काशुबियन कोळ्यांच्या वस्तीत १८३६ साली एक माणूस आजारी पडला. त्याच्यासाठी कामिन्स्की नावाच्या एका भोंदू वैद्याला बोलावण्यात आले. त्याने क्रिस्तिना त्सेइनोवा या कोळ्याच्या विधवेचे नाव घेतले. लोकांनी तिला होडीत घालून समुद्रात नेले आणि पाण्यात टाकले. फुगलेल्या घागऱ्यांमुळे ती तरंगली, आणि तरंगणे हाच गुन्ह्याचा पुरावा मानला जाई. तिचा त्यातच अंत झाला. हा मुलूख तेव्हा प्रशियाच्या अमलाखाली होता. तेथील न्यायालयाने कामिन्स्कीला तुरुंगात धाडले. त्या वस्तीला औषध आणि आरोप एकाच हातून मिळाले होते.

रशियात हे नाव घेण्याचे काम पुष्कळदा 'क्लिकुशा' करीत. क्लिकुशा म्हणजे चर्चमध्ये प्रार्थना ऐन रंगात आली असता किंचाळत जमिनीवर कोसळणारी स्त्री. बहुतेक जणी विवाहित, मोठ्या एकत्र कुटुंबात राबणाऱ्या सुना. बाधा झालेल्या सुनेला कामातून थोडी सुटका मिळे, सासरची माणसे तिच्याशी नरमाईने वागत. तिच्या तोंडून बाहेर पडलेले नाव मात्र गाव खरे मानी. निकोलाय क्राइन्स्की या मानसरोगतज्ज्ञाने स्मोलेन्स्क प्रांतातील अशा एका साथीचा अभ्यास करून १९०० साली पुस्तक लिहिले. ज्या स्त्रीला घरात बोलण्याची सोय नव्हती, तिला अशा रीतीने वाचा फुटे, आणि त्या वाचेची किंमत दुसरीच एखादी दुबळी स्त्री मोजी.

या सगळ्यात राज्यसंस्था काय करीत होती? सतराव्या शतकातील मॉस्कोच्या न्यायालयांत चेटकाचे खटले चालत, आणि आरोपींपैकी सुमारे तीन चतुर्थांश पुरुष असत, असे वॅलेरी किव्हेलसन या अमेरिकन इतिहासकार महिलेने दाखवून दिले आहे. त्यांत मालकाचे मन आपल्याविषयी मऊ व्हावे म्हणून मंत्राची चिठ्ठी जवळ बाळगणारे भूदासही होते. ज्याला कायद्याने मालकाविरुद्ध अवाक्षर काढता येत नव्हते, त्याने चिठ्ठीचा आधार घ्यावा यात नवल ते काय! युक्रेनमधील नगर न्यायालयांत असे दावे बहुधा दंड, शपथ किंवा माफी यांवर मिटत; देहदंड विरळा. पुढे ज्ञानोदयाचे वारे वाहिले. पोलंडच्या संसदेने १७७६ साली चेटकासाठी देहदंड आणि चौकशीतील छळ दोन्ही रद्द केले. रशियात यारेन्स्क येथील एका प्रकरणात फटके खाऊन कबुलीजबाब दिलेल्या एका स्त्रीने आपले 'सैतानी किडे' पुडीत बांधून दिले होते. सिनेटने ती पुडी पाहिली, तर आत सुकलेल्या साध्या माश्या निघाल्या. १७७० साली सिनेटने त्या अधिकाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी केली.

कायदा शहाणा झाला, यात शंका नाही. परंतु त्याचा एक परिणाम फारसा कोणी ध्यानात घेत नाही. चेटूक हा गुन्हाच नाही असे म्हणून न्यायालय बाजूला झाले, आणि त्याची जागा भरून काढायला खेड्यात ना डॉक्टर पोहोचला, ना शाळा, ना विश्वासाचा पोलीस. गावाच्या मते गुन्हा तर घडत होता, पण फिर्याद ऐकणारा कोणी उरला नव्हता. व्राचेवोच्या प्रकरणात आगीपूर्वी एका आजारी स्त्रीच्या नवऱ्याने पोलिसाकडे रीतसर तक्रार नेली होती. तिचा उपयोग झाला नाही असे पाहून गावाने निवाडा आपल्या हाती घेतला, ज्याला रशियन भाषेत 'सामोसूद' म्हणतात. घोडेचोरांनाही गाव याच पद्धतीने ठार करी, आणि दोन्ही गुन्हे त्याच्या लेखी एकाच वजनाचे होते.

पुढे डॉक्टर आला, तेव्हा त्यालाही हाच तर्क लागू झाला. १८९१च्या दुष्काळामागून १८९२ साली व्होल्गेच्या काठाने पटकी पसरली. डॉक्टर विहिरींत विष कालवतात, जिवंत माणसे पुरतात, अशा अफवा उठल्या. ख्वालिन्स्क या गावी जमावाने डॉ. मोल्चानोव्ह यांना ठार मारले. त्याच वर्षी मॉस्कोच्या दक्षिणेस मेलिखोवो येथे आंतोन चेखव्ह हा डॉक्टर-लेखक २५ खेड्यांची जबाबदारी विनावेतन सांभाळीत, दारोदार फिरत होता. त्या भागातील शेतकरी त्याला ओळखत होते, तो त्यांच्यातच राहत होता.

१९२९नंतर जमिनी सामुदायिक झाल्या. घरामागे एक गाय मात्र बहुधा खाजगी राहिली, आणि तिच्याबरोबर दुधाची धास्तीही राहिली. टॉलस्टॉयचे पणतू, भाषाशास्त्रज्ञ निकिता टॉलस्टॉय यांनी १९६०च्या दशकापासून आपल्या विद्यार्थ्यांसह युक्रेन व बेलारूसच्या सीमेवरील पोलेस्ये या दलदलीच्या प्रदेशात फिरून म्हाताऱ्या बायकांकडून या समजुती टिपून घेतल्या. दव टिपणारी चेटकीण, आटलेली गाय, उंबऱ्यावर टोचून ठेवलेली काटेरी डहाळी, सारे काही त्या कागदांत आहे. १९८६च्या एप्रिलमध्ये, गुरे कुरणात सोडण्याच्या हंगामात, त्याच प्रदेशातील चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला. गवतावर काहीतरी पडले होते, जे कोणाच्याही डोळ्यांना दिसत नव्हते, आणि ते गवत खाणाऱ्या गाईंचे दूध मुलांना देऊ नये असे सांगायला या वेळी सरकारी माणसे आली. अनेक ठिकाणी त्यांनी गाईही ट्रकमध्ये घालून नेल्या आणि मागोमाग गावे रिकामी केली.