कॉर्डलेस माइक बंद पडला? आधी वीजपुरवठा तपासा!

लग्नसराई, शाळांची स्नेहसंमेलने, जलसे, सभा आणि रमजानचा महिना. या दिवसांत साउंड सर्व्हिसवाल्यांना दम घ्यायला फुरसत नसते. नेमक्या याच दिवसांत दुरुस्तीच्या दुकानांत कॉर्डलेस माइकचे सेट येऊन पडतात. तक्रार एका वाक्याची असते. "आवाजच येत नाही," "घूं घूं करतो," किंवा "मधेच बंद पडतो." गिऱ्हाईक बहुधा ठरवूनच आलेले असते की, वायरलेसचा भाग गेला, आता नवा सेट घ्यावा लागणार. पण या धंद्यातल्या जुन्या कारागिराला विचारा. तो सेटचा एरियल बघण्याआधी अडॅप्टर हातात घेईल.

पूर्वी कॉर्डलेस माइक ही फक्त मोठ्या सभागृहांची चीज होती. आज तालुक्याच्या गावातली मशीद, मंदिर, मंगल कार्यालय, क्लासवाले, अगदी भाजीचा टेम्पो फिरवणारासुद्धा तो बाळगतो. बाजारात आलेल्या स्वस्त सेटना कंपनीचे सर्व्हिस सेंटर नसते. म्हणून जवळच्या दुरुस्तीवाल्याला इथे चांगले काम आहे. भांडवलही फार लागत नाही. एक बरा मल्टीमीटर, सोल्डरिंग आयर्न, बल्ब लावलेला सिरीज बोर्ड आणि कमी-जास्त करता येणारा डीसी सप्लाय एवढ्यावर सुरुवात होते. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स केलेल्या मुलाला पुढची माहिती नवी वाटणार नाही. मात्र घाईच्या वेळी नेमकी हीच पायरी चुकते.

अडॅप्टरचे व्होल्ट आणि खरे व्होल्ट

रिसीव्हरला साधारणपणे १२ व्होल्ट डीसी लागतो. जुन्या सेटसोबत ट्रान्सफॉर्मरचा जड अडॅप्टर येत असे, नव्यांसोबत हलका एसएमपीएस येतो. तपासताना बहुतेक जण अडॅप्टरच्या पिनला मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसले की "अडॅप्टर ठीक" म्हणून बाजूला ठेवतात आणि दोन तास रिसीव्हर खोदत बसतात. हीच मोठी चूक. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, म्हणून सुकलेल्या कॅपॅसिटरचा अडॅप्टरही मीटरवर ठणठणीत दिसतो. उलट, साधा रेग्युलेटर नसलेला ट्रान्सफॉर्मर अडॅप्टर रिकामा असताना १५-१६ व्होल्ट दाखवतो, तो दोष नव्हे. लोड पडला की तो १२ वर येतो.

म्हणून दुकानात ४७ ओहम, १० वॅटचा एक रेझिस्टर दोन क्लिपांसह कायम तयार ठेवावा. १२ व्होल्टवर तो सुमारे पाव अँपिअर ओढतो, म्हणजे रिसीव्हरएवढेच काम अडॅप्टरकडून करून घेतो. हा लावून पाच मिनिटे मीटर बघत राहा. १२ चे ९ झाले तर रोग सापडला. रेझिस्टर चांगलाच तापतो, प्लॅस्टिकवर ठेवू नका.

आता घूं घूं. आपल्याकडचा वीजप्रवाह ५० सायकलचा. ब्रिजमधून गेल्यावर त्याचा लहरीपणा १०० सायकलचा होतो आणि तो दाबून टाकणे हे फिल्टर कॅपॅसिटरचे काम. कॅपॅसिटर सुकला की ती लहर थेट ॲम्प्लिफायरपर्यंत पोचते. हा आवाज जाड, सलग आणि सेट चालू केल्याबरोबर येणारा असतो. माइक बंद केला तरी तो राहतो. मल्टीमीटर एसी रेंजवर घेऊन अडॅप्टरच्या डीसी पिनला लावा. चांगल्या सप्लायमध्ये काही मिलिव्होल्ट दिसतील, बिघडलेल्यात शेकडो मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त. मात्र काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीसुद्धा मोजतात आणि भलताच आकडा दाखवतात. तुमचा मीटर कसा आहे ते कळण्यासाठी एसी रेंजवर तो एका नव्या ९ व्होल्टच्या बॅटरीला दोन्ही बाजूंनी उलटसुलट लावून बघा. दोन्ही वेळा शून्य आले तर मीटरवर भरवसा ठेवा.

कॅपॅसिटर बदलताना त्यावरचे तापमान वाचण्याची सवय लावून घ्यावी. ८५ अंशाचा आणि १०५ अंशाचा यांत किमतीचा फरक किरकोळ असतो, पण बंद डब्यात, रेग्युलेटरच्या शेजारी तापत राहणाऱ्या जागी दुसराच टिकतो. दर १० अंश तापमान कमी झाले की कॅपॅसिटरचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा या क्षेत्रातला ठोकताळा आहे. दुसरे असे की, कॅपॅसिटर फुगलेला दिसला तरच तो खराब, ही समजूत सोडून द्यावी. आतला द्राव आटला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, वरून तो अगदी नवा दिसतो, कधी मायक्रोफॅरडही बरोबर दाखवतो, आणि काम मात्र करत नाही. तो रोध मोजणारा ईएसआर मीटर जवळ असेल तर उत्तम. नसेल तर शेजारी चांगला कॅपॅसिटर समांतर धरून घूं घूं थांबते का, हे ऐकणे ही जुनी रीत आजही चालते. फक्त ती कमी व्होल्टच्या डीसी बाजूवरच वापरावी.

टिक टिक करणारा एसएमपीएस

एसएमपीएस अडॅप्टरची तक्रार वेगळी. लाइट लुकलुकतो, कान लावला तर टिक टिक ऐकू येते. याचा अर्थ तो सुरू होण्याचा प्रयत्न करतो आणि परत बंद पडतो. अशा वेळी रिसीव्हरची पिन काढून बघा. टिक टिक थांबली तर शॉर्ट रिसीव्हरमध्ये आहे, चालूच राहिली तर दोष अडॅप्टरचा. रिसीव्हरमध्ये शॉर्ट मिळाला तर पहिली नजर डीसी सॉकेटच्या मागे असलेल्या संरक्षक डायोडवर टाका. कोणीतरी उलट्या पोलॅरिटीचा अडॅप्टर लावलेला असतो आणि बिचाऱ्या डायोडने स्वतःचा जीव देऊन सेट वाचवलेला असतो. काही रुपयांचा डायोड बदलला की सेट बोलू लागतो. अशा कामाला गिऱ्हाइकाकडून नव्या किटचे पैसे घेणारेही बाजारात आहेत. त्यांच्याबद्दल न लिहिलेले बरे.

अडॅप्टर स्वतःच मेला असेल तर तो उघडावा का? माझे मत, उघडू नये. नवा मिळतो, वेळ वाचतो आणि धोकाही टळतो. एसएमपीएसच्या आत २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी झालेले असतात. मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ते प्लग काढल्यावरही राहू शकतात. सप्लाय रिसीव्हरच्या डब्यातच असेल आणि उघडणे भागच असेल, तर आधी १० किलोओहमच्या पाच वॅटच्या रेझिस्टरने कॅपॅसिटर रिकामा करा आणि मीटरने शून्य झाल्याची खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये असावा. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही.

नवा अडॅप्टर देताना तीन गोष्टी जुळवाव्यात. व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनची पोलॅरिटी. "जास्त अँपिअरने सेट जळेल" ही भीती अनेकांना असते. ती खोटी आहे, सेट आपल्याला लागेल तेवढाच करंट घेतो. पोलॅरिटीची मात्र चूक महागात पडते. बहुतेक सेटमध्ये पिनच्या आत प्लस असतो, पण सगळ्यांत नाही. लेबलवरचे छोटे चित्र बघितल्याशिवाय पिन घालू नये. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही बघावा. अगदी हलक्या दर्जाच्या एसएमपीएसचा आणखी एक त्रास असा की त्याची गडबड रिसीव्हरच्या रेडिओ भागात शिरते आणि माइकची रेंज घटते. गिऱ्हाईक म्हणते एरियल गेला. अडॅप्टर बदलून, किंवा तात्पुरते १२ व्होल्टच्या बॅटरीवर रिसीव्हर चालवून बघा. रेंज परत आली तर एरियल निर्दोष आहे.

मंडपात थ्री फेज जोडणी असते. तिथे न्यूट्रल सैल झाला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास पोचू शकतात, आणि मग एका रात्रीत चार-पाच सेट एकदम दुकानात येतात. आत निळी गोल चकती फुटलेली दिसेल. तिच्यासोबत फक्त फ्यूज बदलून सेट परत देऊ नका, ब्रिज आणि मॉसफेटही तपासा. आणि साउंडवाल्याला न्यूट्रल बघायला सांगा, नाहीतर तेच सेट आठवड्याने परत येतील.

माइकच्या सेलचा हिशेब

आता माइककडे. हातातला माइक सेलवर चालतो. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड १.२ व्होल्टचा. दोन सेलच्या माइकमध्ये ३ च्या जागी २.४ व्होल्ट मिळतात. बऱ्याच माइकमध्ये आत व्होल्ट वाढवणारे सर्किट असल्याने तो चालतो, पण बॅटरीचा लाल दिवा लवकर लागतो आणि लोकांना माइक बिघडल्यासारखे वाटते. खरी फसगत चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीत आहे. चार्ज होणाऱ्या निकेलच्या बॅटरीवर ९ छापलेले असले तरी आत सहा पेशी असतील तर ती ७.२ व्होल्टची आणि सात असतील तर ८.४ व्होल्टची असते. जुना माइक ७ व्होल्टच्या जवळ आला की आवाज चिरकू लागतो. म्हणजे पहिली बॅटरी भरलेली असतानाही माइक काठावर उभा असतो. भाषण रंगात आल्यावर तो बंद पडला तर दोष ना माइकचा ना वक्त्याचा.

माइक महिनोन् महिने सेलसह कपाटात पडून राहतो आणि सेल गळतो. अल्कलाइन सेलमधून येणारा पांढरा क्षार स्प्रिंगवर बसतो. व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने तो पुसावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून पूर्ण वाळू द्यावे. स्प्रिंग खाल्ली गेली असेल तर घासत न बसता बदलावी. माइक हलवला की कट कट होतो, ही तक्रार बहुधा याच स्प्रिंगची किंवा तिच्या सुटलेल्या टाक्याची असते.

ब्लूटूथ स्पीकर आणि पोर्टेबल साउंड बॉक्सचे काम आता माइकपेक्षाही जास्त येते. आत लिथियमचा सेल. भरलेला ४.२ व्होल्ट, मधला ३.७. स्पीकर चार्ज होत नाही म्हणून आला तर बोर्ड उघडण्याआधी केबल बदला. टाइप सी सॉकेट असलेल्या काही स्वस्त स्पीकरमध्ये दोन ५.१ किलोओहमचे रेझिस्टर घालायचेच वाचवलेले असतात. असा स्पीकर दोन्ही टोकांना टाइप सी असलेल्या केबलवर चार्ज होत नाही, जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलवर मात्र होतो. गिऱ्हाइकाला एवढे सांगितले तरी काम झाले. सेल २ व्होल्टच्या खाली जाऊन बराच काळ पडला असेल तर त्याला झटके देऊन जिवंत करू नका, बदला. मोठ्या आवाजाला स्पीकर बंद होऊन परत सुरू होत असेल तर सेल थकला आहे, ॲम्प्लिफायरची आयसी काढण्याची घाई नको.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे हे सगळे सुटे भाग मिळतात. पण खूप माल एकदम भरू नये, पडून राहिलेले कॅपॅसिटर आणि सेल दुकानातच म्हातारे होतात. बदललेला जुना भाग छोट्या पिशवीत घालून बिलासोबत द्यावा आणि बिलावर काय बदलले ते लिहावे. लिथियमचे सेल मात्र परत देऊ नका. त्यांच्या टोकांना टेप लावा, फुगलेले असतील तर वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात दुकानाबाहेरच्या बाजूला ठेवा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ते घरच्या कचऱ्यात टाकता येत नाहीत, अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच जायला हवेत.